'फोंडा' सापडतो, 'फोंड्यात' सापडत नाही: फीड रीडरचा सात महिन्यांचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर हे फीड रीडर अ‍ॅप घेतलं, त्याला आता सात महिने झाले. आपण निवडलेल्या साइटवर नवं काही आलं की त्यांच्या 'फीड'मधून ते एका यादीत आणून देणं, हे त्याचं काम. १ जुलै २०१३ ला हेच काम करणारा गूगल रीडर बंद झाला, तेव्हा माझ्या सगळ्या फीडची यादी मी एका ओपीएमएल फाइलमध्ये (अशी यादी एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) उतरवून ठेवली होती आणि मग आळसाने तशीच पडू दिली. मधली वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर जे येईल ते वाचलं. या अ‍ॅपने ती जुनी फाइल एका फटक्यात आत घेतली. निम्म्या साइट मेलेल्या निघाल्या, पण तो दोष अ‍ॅपचा नाही. आता गोव्यातल्या, सिंधुदुर्गातल्या आणि इतर किरकोळ मिळून २३ फीड आहेत.

चांगलं ते आधी सांगतो. बातम्या वेळेच्या क्रमाने येतात, मला काय आवडेल ते दुसरं कुणी ठरवत नाही. घरातून निघताना सगळं उतरवून घेता येतं, त्यामुळे चोडण-रायबंदर फेरीबोटीत रेंज गेली तरी वाचन थांबत नाही. एवढ्यासाठीच वर्षाची वर्गणी भरली.

आता कुरकुर. यादीत मथळ्याला दोनच ओळी मिळतात, पुढे तीन टिंबं. इंग्रजी मथळ्याचं त्याने फारसं बिघडत नाही, कुणी काय केलं ते सुरुवातीलाच येऊन जातं. आपलं क्रियापद बसतं शेवटी. 'मांडवी पुलावर उद्यापासून अवजड वाहनांना…' काय? परवानगी की बंदी? प्रत्येक बातमी उघडूनच बघायची तर यादी कशाला? अक्षर लहान करून पाहिलं, तर रफार आणि मात्रा वरच्या ओळीच्या उकारांत घुसतात, कारण ओळींमधलं अंतर वेगळं वाढवता येत नाही. तीन-चार ओळींचा मथळा आणि ओळींतलं अंतर, एवढे दोन पर्याय सेटिंगमध्ये द्या. जागा हवी तर फोटो लहान करा. तसेही निम्मे फोटो कुणीतरी समई पेटवतानाचेच असतात.

खरा घोटाळा फिल्टरचा. फोंड्याला माझ्या बहिणीची पिठाची गिरण आहे. वीज जाणार हे आदल्या दिवशी कळलं तर ती गिऱ्हाइकांना सांगून ठेवते. म्हणून मी 'फोंडा' आणि 'वीज' हे दोन शब्द घालून सूचना लावून ठेवली. ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी तिचा फोन, "दादा, तुवें म्हाका सांगूंक ना!" डबे ओळीने लागलेले आणि गिरण बंद. पाहतो तर बातमी आदल्या संध्याकाळीच फीडमध्ये येऊन पडलेली: 'फोंड्यात उद्या वीज नाही'. आणि फिल्टर इमानेइतबारे 'फोंडा' शोधत बसलेला.

पणजी, डिचोली, साखळी यांचं निभावतं, कारण 'पणजीत'मध्ये 'पणजी' शाबूत असते. फोंडा, पेडणे, म्हापसा यांना प्रत्यय लागला की नावच आतून बदलतं. मी नुसतं 'फोंड' घातलं, ते चाललं. त्याच चालीवर 'म्हापस' घातलं तर 'म्हापशात' निसटलं, कारण तिथे स चा श होतो. शेवटी 'म्हाप' घातलं, तर वेंगुर्ला तालुक्यातल्या म्हापणच्या बातम्या येऊ लागल्या!

अ‍ॅपला मराठी व्याकरण शिकवा असं माझं म्हणणं नाही. एकाच फिल्टरमध्ये नावाची चार रूपं 'यांपैकी कोणतंही' म्हणून देता आली तरी भागेल. आज प्रत्येक रूपाला वेगळा फिल्टर करावा लागतो आणि माझे फिल्टर आता फीडपेक्षा जास्त झालेत. शिवाय फिल्टर जतन करतानाच, गेल्या आठवड्यातल्या कोणत्या बातम्या त्यात सापडल्या असत्या ते दाखवा. म्हणजे चूक तिथल्या तिथे कळेल, गिरणीच्या दारात नाही.

वेळेचंही एक आहे. एक फीड आपली इथली वेळ लिहून पुढे जीएमटी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली ग्रिनिचची वेळ, असं लावते. चूक त्या साइटची, पण अ‍ॅप निमूटपणे साडेपाच तास मिळवतं आणि सकाळी नऊची बातमी दुपारी अडीचच्या नावाने सगळ्यांच्या डोक्यावर बसते. बातमीवरची वेळ अजून व्हायचीच असेल, तर बातमी हाती आल्याची वेळ धरा.

आणि ते 'सगळं वाचलं' बटण! खाली उजव्या कोपऱ्यात, नेमकं अंगठ्याखाली. फेरीबोट धक्क्याला टेकताना हिसका बसतो, तेवढ्यात १८६ न वाचलेल्या बातम्या साफ झाल्या. परत आणायची सोय नाही. पाच सेकंद 'मागे घ्या' असं दाखवलं तरी पुरे. हे अ‍ॅप करणाऱ्यांपैकी कुणी ते उभ्याने, एका हाताने वापरून पाहिलं असेल असं वाटत नाही.

पाचपैकी साडेतीन. वर्गणी जूनमध्ये संपते, तोवर फिल्टरचं काही झालं तर पुढे भरेन. सध्या 'फोंड' चालू आहे, तरी संध्याकाळी वीज खात्याच्या बातम्या मी स्वतः चाळतो आणि मग बहिणीला फोन लावतो.