सहा महिन्यांची होमस्टे ट्रेनिंग : साडेतीन तारे, अन् तेही एका ताईमुळे

आधीच सांगते, ही ट्रेनिंग देणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांच्यातली दोन पोट्टे आपल्याच जिल्ह्यातले आहेत, अन् ताडोबाच्या जंगलाकडं जाणाऱ्या मोहर्ली रोडवर ज्यांच्या पाहुण्यांसाठीच्या खोल्या आहेत त्यांना नाव न घेताच समजलं असेल. छोट्या पर्यटनवाल्यांना ऑनलाईन करून देतो, खर्च कमी करून देतो, पर्यावरणाचं शिकवतो अन् धंदा पडला तरी उठून उभा राहील असं करून देतो, अशी त्यांची स्कीम. ६ महिने, ९ हजार फी, दोन हप्त्यात. बऱ्याच जणी विचारून राहिल्या म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या ४ खोल्या आहेत, मातीच्या भिंती अन् वर कवेलू. हे जिप्सी चालवतात, मी घर, स्वयंपाक अन् बुकिंग पाहते. २०२० च्या मार्चमध्ये ताडोबाच्या सफारीचं गेट बंद झालं तेव्हा आमच्याकडे धड हिशेबाची वहीसुद्धा नव्हती, किती बुडालो हेच समजलं नाही. म्हणून ९ हजार भरायला मी तयार झाले, हे नव्हते.

पहिले दोन दिवस चंद्रपूरच्या हॉलमध्ये क्लास. पडद्यावर सगळं इंग्रजी, अन् उदाहरणं कोकणातली. बीच, आंबा, मासे. आमच्या बाजूला बसलेल्या काकू हळूच म्हणे, काऊन वो, आपल्याकडे समुद्र कधी येणार आहे? मग एक सर म्हणे की एसी लावूच नका, खिडक्या समोरासमोर ठेवा, नैसर्गिक हवा खेळते. सर, मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४६-४७ ला जाते, तेव्हा खिडकी उघडली तं भट्टीचं दार उघडल्यासारखं होते, अन् आमचा खरा सीझन तोच, कारण पाणवठ्यावर वाघ एप्रिल-मेमध्येच जास्त दिसते. आम्ही आपले वाळ्याच्या ताट्याचे कूलरच लावतो. हॉलमधल्या त्या दोन दिवसांना मी दोन तारेसुद्धा देणार नाही.

त्यानंतर घरी येणारी एक ताई लावून दिली त्यांनी, महिन्यातून दोनदा येणारी, अन् इथून पुढं पैसा वसूल सुरू झाला. आल्याबरोबर तिनं खोल्या पाह्यल्या नाही, मोबाईलवर आमचा नकाशा काढला. गुगल मॅपवर आमची पिन, म्हणजे घराची खूण, कुठं होती माहीत आहे? तीन किलोमीटर दूर, एका धानाच्या बांधीत. मला वाटे पाहुणे रात्री फोन करतात ते रस्ता समजत नाही म्हणून, तं ते बिचारे खरोखर बांधीत जाऊन उभे राहत, आमच्या भागात, अंधारात, गाडीचे लाईट लावून. एका पुण्याच्या कुटुंबाला यांनी जिप्सी घेऊन जाऊन आणलं होतं, त्या आजी दुसऱ्या दिवशी सफारीलाच गेल्या नाही.

पिन सरकवायची तं गुगलला व्हिडिओ पाठवा लागते. रस्ता दाखवा, बोर्ड दाखवा, कुलूप उघडून दाखवा म्हणजे मालक तुम्हीच हे त्यांना पटते. पहिला व्हिडिओ नापास, कारण आमच्याकडे बोर्डच नव्हता, गावात बोर्ड कोणाला पाहिजे, सगळ्यांना माहीतच असते. मग टिनावर पेंटरकडून लिहून घेतलं. दुसऱ्या व्हिडिओत मधातच शेळ्या आल्या, तो पण गेला. तिसरा झाला पण अपलोड होईना, आमच्या घरात एकच काडी रेंज, शेवटी बस स्टॉपजवळच्या पाण्याच्या टाकीवर अर्ध्या जिन्यापर्यंत चढून मी तो पाठवला, खालून लोक विचारे काय झालं वहिनी. आठ दिवसांनी पिन आमच्या दारात. तेव्हापासून रात्रीचा फोन नाही म्हणजे नाही.

आता तक्रार. ऑफिसातल्या पोरांनी आम्हाला एकदम दोन बुकिंग ॲपवर चढवलं अन् सांगितलं कॅलेंडर एकमेकाला जोडलं आहे, काही पाहा लागत नाही. पण ते लगेच जुळत नाही, कधी कधी काही तास लागतात, हे सांगायचं राहून गेलं. डिसेंबरातल्या एका शनिवारी एकच खोली दोघांना विकल्या गेली. रात्री ११ ला दुसरी पार्टी दारात, लहान लेकरू संगं. आमची झोपायची खोली त्यांना दिली, अन् आम्ही तिघं स्वयंपाकघरात. कंपनीला फोन केला तं म्हणे सिस्टीममध्ये दिसत आहे मॅडम. मला पण दिसून राहिलं होतं, माझ्याच गादीवर झोपलेलं. ताईनं मग साधा उपाय सांगितला, एका ॲपवर दोन खोल्या, दुसऱ्यावर एक, अन् चौथी फक्त आपल्या ओळखीच्या पाहुण्यांसाठी व्हॉट्सॲपवर. कमिशन कापून १५-१८ टक्के जातात ते त्या चौथ्या खोलीवर वाचतात, अन् आता जुने पाहुणे थेटच विचारतात.

वेबसाईटचं तं बोलूच नका. होमपेजवर निळाशार स्विमिंग पूल. आमच्याकडे विहीर आहे. बदला म्हटलं तं महिना गेला, अन् मग समजलं की वेबसाईटचं नाव त्यांच्या ईमेलवर घेतलेलं आहे, म्हणजे दरवर्षी साडेपाच हजार त्यांनाच देत राहा, नाही तं नाव गेलं. भांडून वापस घेतलं. तुम्ही करून घेत असाल तं पहिल्याच दिवशी डोमेन (म्हणजे वेबसाईटचं नाव) अन् गुगलचं मालकपण स्वतःच्या ईमेलवर घ्या, अन् मगच दुसरा हप्ता भरा.

पर्यावरणाचा भाग मला वाटलं नुसत्या फोकनाड्या असतील. तसं निघालं नाही. ताईनं सांगितलं, महिनाभर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका, पोत्यात भरा. महिन्याला तीन पोती निघाली! एवढा कचरा जाते कुठं, तं आम्हीच मागच्या नाल्याजवळ जाळत होतो, खोटं कशाला बोलू. आता फिल्टर बसवला अन् खोलीत तांब्याचा जग, बाटल्यांचे पैसे वाचले. एक-दोन पाहुणे सीलबंदच पाहिजे म्हणतात, त्यांना देतो.

सकाळची सफारी ६ च्या आसपास, म्हणजे पाहुण्यांना साडेचारला गरम पाणी पाहिजे. आधी बंब होता, त्याला लाकूड, अन् लाकडाला जंगल. आपल्या भागात वाघाच्या हल्ल्यात लोक कधी सापडतात तं मोहफूल वेचताना, तेंदूपत्त्याला, नाही तं सरपणाला गेल्यावर. आमच्या सासूबाई दर दोन दिवसांनी जात, माझा जीव टांगणीला. सोलर हीटर लावला अन् ते जाणं थांबलं. यासाठी एक तारा जास्तच देईन. फक्त वानरांचं कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या महिन्यात त्यांनी काचेच्या नळ्यांवर उड्या मारून दोन फोडल्या, मग वरून लोखंडी जाळी ठोकली, तो खर्च वेगळा. पाणी पण जड आहे, नळ्यांत पांढरं साचते, तेव्हा वर्षातून एकदा साफ करायचं ठरवा.

अन् शेवटचा भाग, पावसाळ्याचा. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद, एरवी दर मंगळवारी बंद. ताईनं एका कागदावर बारा महिने लिहायला लावले अन् प्रत्येकासमोर कमाई. तीन घरं जवळजवळ कोरी. तोंडी सगळ्यांनाच माहीत होतं, पण कागदावर ती कोरी घरं पाहून हे गप्पच झाले. मग तिनं विचारलं, जुलैत तुम्ही काय करता? म्हटलं, रोवणं, म्हणजे धानाची लावणी. म्हणे मग तेच दाखवा. मला हसू आलं, चिखल पाहायला कोण पैसे देईल? तं नागपूरच्या एका शाळेची पोरं आली, गुडघाभर बांधीत उतरली, धान लावलं (निम्मं आम्हाला परत लावा लागलं), वांग्याची भाजी अन् पानगे खाल्ले. बाकीच्यांसाठी दोन दिवसांचा फेरफटका ठरवला, चंद्रपूरचा गोंडराजांचा परकोट अन् महाकालीचं मंदिर, भद्रावतीची विजासन लेणी अन् जैन मंदिर, वरोऱ्याचं आनंदवन. काही बफर, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यातले, गेट पावसाळ्यात पण चालू असतात, ते वेगळं. कमाई मे महिन्यासारखी नाही, पण कोरं घर कोरं राहिलं नाही.

वाघ न दिसल्यावर काय करायचं हे पण तिनंच शिकवलं. आमचे तीन-तारेवाले रिव्ह्यू काढून पाहा, निम्म्यांत लिहिलं आहे जेवण छान, खोली स्वच्छ, वाघ दिसला नाही. आता वाघ काय माझ्या घरी बांधलेला आहे? आधी मी रागानं उत्तर देत होते. आता शांतपणे लिहिते, अन् बुकिंग घेतानाच सांगून टाकते की सफारीचं परमिट वनविभागाच्या वेबसाईटवरून स्वतः काढा, आयडीवरचं नाव जुळलं पाहिजे, मोबाईल आत नेता येत नाही, अन् वाघाची गॅरंटी कोणीच देत नाही.

महिलांसाठी सरकारचं २०२३ चं 'आई' धोरण आहे, पर्यटनाच्या कर्जाचं व्याज वापस मिळते, तेही तिच्याकडूनच समजलं. फाईल बँकेत आहे, पाहू.

माझी जाऊ पण खोल्या काढून राहिली आहे, ती विचारे पुढच्या बॅचला नाव देऊ काय. म्हटलं दे, हॉलचे दोन दिवस झोप काढ, वेबसाईट नको म्हणून फीमधून ते पैसे कमी करून माग, अन् लिहून घे की घरी ती ताईच येईल. दुसरं कोणी येणार असेल तं राहू दे.