२९ची म्हणून २७.५च्या चाकांची सायकल गळ्यात मारली

पहिल्या वेचणीचा कापूस विकला आणि पोराला सायकल घेतली. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. कॉलेज नऊ किलोमीटरवर, त्यातले चार पांदणीचे. पोरगा उंच, म्हणून शहरातला दुकानदार म्हणाला, "काका, याला २९चीच घ्या. मोठं चाक खड्ड्यातून बरोबर निघते." २९, २७.५, २६ ही चाकाची इंचातली मापं. मोठ्या चाकाचं एवढं त्याचं खरं होतं. मोठं चाक दगडगोट्यांवरून सहज जातं, २६चं हलकं आणि चटकन वळणारं, पण खड्ड्यात धाडकन उतरतं, २७.५चं या दोन्हींच्या मधलं. २७.५ची सायकल साडेबारा हजारांना होती, २९चे त्याने साडेचौदा घेतले. फ्रेमवर ठसठशीत २९ होतं. मी तेवढंच वाचलं.

पहिल्याच आठवड्यात पोरगा म्हणाला, "बाबा, पायडल खाली घासते." पांदणीत दोन चाकोऱ्यांच्या मधे उंचवटा असतो, त्याला पायडल अडायचं. दोनदा तो पडला. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, नवीन आहे, सवय होईल. मीही पोरालाच म्हटलं, नीट चालव. ते बोलल्याचं मला अजून वाईट वाटतं.

जानेवारीत तुरीच्या खुंटाने मागचा टायर फाटला. २९चा नवा टायर आणला, तर तो रिमवर बसेचना, नुसता ढिल्ला लोंबायला लागला. गावातल्या पंक्चरवाल्या दादाने फडका ओला केला आणि जुन्या टायरच्या कडेवरचा वाळलेला चिखल पुसला. रबरात उठलेले बारीक आकडे दिसले: ५४-५८४.

"भाऊ, हे चाक २९चं नाहीच. २७.५चं आहे. २९ले ६२२ पाहिजे."

यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा. दुसरा, टायर रिमवर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. २६ला ५५९, २७.५ला ५८४, २९ला ६२२. इंचाच्या नावावर जाऊच नका. आपल्या जुन्या काळ्या २८च्या सायकलचा हाच आकडा ६३५ असतो, म्हणजे नाव लहान आणि रिम २९पेक्षा मोठी.

फ्रेम २९ची, चाकं २७.५ची, असा तो प्रकार होता. व्यासात ३८ मिलिमीटरचा फरक, म्हणजे अख्खी सायकल १९ मिलिमीटर खाली बसलेली. पायडल घासत होतं ते त्यामुळे. रिमला धरणारे ब्रेक असते तर गुटके रिमपर्यंत पोचलेच नसते आणि लबाडी दुकानातच उघडी पडली असती. डिस्क ब्रेक रिमला नाही, चाकाच्या मधल्या चकतीला धरतो, त्यामुळे ती झाकली गेली.

दुकानात गेलो. तो तोंडावर म्हणाला, "चाकं तुम्हीच बदलली असतील." बिलावर फक्त "सायकल १ नग". मी काय दाखवणार? ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे निभलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही.

तुम्ही सायकल घ्यायला जाल तेव्हा फ्रेमवरच्या स्टिकरकडे पाहू नका. दोन्ही टायरवरचा आकडा वाचा. तो खरवडलेला वाटला तर टायरला खडूची खूण करा, चाक एक वेढा फिरवा आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. २.१ इंच रुंदीच्या टायरला २९चं चाक २ मीटर २९ सेंटीमीटरच्या आसपास जातं, २७.५चं २ मीटर १५, २६चं २ मीटर ७. हवा कमीजास्त असली तर एखाद्या सेंटीमीटरचा फरक पडेल, चौदाचा पडत नाही.

मागच्या आठवड्यात शेजारच्या पोरीसाठी सायकल घ्यायची होती, तर मी टेप खिशात घालूनच सोबत गेलो. तिच्या उंचीला २७.५ बरोबर होती. दुकान दुसरं होतं, तरी बिलावर "५८४" लिहा म्हटल्यावर दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या. आम्ही पैसे हातातच धरून उभे राहिलो. मग त्याने लिहिलं.