पाकिटातलं ‘लसणाचं बी’: पेडण्यातला आमचा अनुभव

काळे, कोनेदार, कांद्याच्या बियांसारखे दिसणारे दाणे कोणी ‘लसणाचं बी’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका. लसूण पाकळीपासून लावतात. आपल्याकडच्या लसणाला रुजणारं बी धरतच नाही. मध्य आशियातल्या काही फुलणाऱ्या जातींपासून संशोधकांनी १९८०च्या दशकात खरं बी मिळवलं होतं, पण तो संशोधनाचा विषय. तसलं बी कुरिअरने आमच्या गोव्यातल्या पेडण्याला येत नाही. आमच्या वाड्यावर जे आलं ते रुजलं मात्र झकास, आणि सगळी फसवणूक त्या रुजण्यातच होती. दाणे मेलेले असते तर पंधरवड्यात बिंग फुटलं असतं.

२०२४ साली लसूण किलोला चारशे-पाचशे रुपयांपर्यंत चढला होता ते आठवत असेल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायका गड्डा हातात घ्यायच्या, भाव विचारायच्या आणि परत ठेवायच्या. गोव्याची भाजी बरीचशी बेळगावहून येते, लसूण तर मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात अशा लांबच्या मुलखातून. आम्ही सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात कापलं की त्याच जमिनीत विहिरीच्या पाण्यावर तांबडी भाजी, मुळा, मिरची, थोडा कांदा करतो. लसूण आमच्याकडे कोणी करत नाही. त्यामुळे लसणाचं रोप कोवळेपणी कसं दिसतं, हे सांगणारं जुनं माणूसही वाड्यावर नाही. मिरचीचं खोटं बी आणलं असतं तर माझ्या सासूबाईंनी दोन पानांवर ओळखलं असतं. आम्हाला ते बी विकणाऱ्या माणसाने पीकच असं निवडलं की ते ओळखणारं कोणी भेटू नये.

तो आमच्या बचत गटापर्यंत थेट आला नाही. आधी मोबाइलवर व्हिडिओ फिरला, ‘समुद्रकाठच्या उष्ण हवेसाठी खास लसूण’, मागे लांबच लांब पसरलेले वाफे. मग शेजारच्या गावचा, भजनात पेटी वाजवणारा एक ओळखीचा माणूस त्याला घेऊन आला. पाकिटामागे या पेटीवाल्याला काही रक्कम मिळत होती हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. तो म्हणतो, मलाही फसवलं. असेलही. पण स्वतःच्या वाट्याचे पैसे त्याने आधीच काढून घेतले होते, हेही खरं.

त्या विक्रेत्याचं बोलणं ऐकण्यासारखं होतं, कारण त्यातलं बरंचसं खरं होतं. चिनी लसणाच्या आयातीवर भारतात २०१४ पासून बंदी आहे, असं तो म्हणाला. आहेच. लसणाला गड्डा धरायला थंडी लागते, म्हणून गोव्यात पाकळी लावून उपयोग नाही, म्हणाला. यातही बरंच तथ्य आहे. पाकिटावर ‘जी-२८२’ असं जातीचं नाव होतं. ही जातही खरी. यमुना सफेद-३ म्हणतात ती हीच, राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठानची. फोनवर शोधलं तर नाव लगेच सापडतं, आणि आमच्या गटातल्या शिकलेल्या मुलींनी शोधलंही. सापडल्यावर सगळ्या निश्चिंत झाल्या. पण त्या जातीची लागवडसुद्धा पाकळीनेच होते. नाव खरं आणि माल दुसराच, हे फोन सांगत नाही.

खोटं त्याने एकाच ठिकाणी घातलं: “ताई, थंडीची गरज पाकळीला असते, बियाला नसते.”

पन्नास ग्रॅमचं पाकीट १,२०० रुपयांना. शिवाय पीक किलोला २०० रुपयांनी परत विकत घेण्याची हमी हवी असेल तर नोंदणीचे ३,००० वेगळे. गुंठ्याला चारशे किलो निघेल, असं तो सांगत होता. आम्ही गोव्यात जमीन चौरस मीटरमध्ये मोजतो, गुंठा इथे कोणाच्या तोंडात नाही. म्हणजे हे भाषण दुसरीकडे कुठेतरी पाठ झालेलं होतं. आता हिशेब मांडते. लसणाचं चांगलं उत्पादन हेक्टरी दहा ते पंधरा टन, म्हणजे हजार चौरस मीटरला एक ते दीड टन. त्याचे गुंठ्याला चारशे किलो म्हणजे हेक्टरी चाळीस टन. इतका लसूण नाशिककडे निघत नाही, तो आमच्या तांबड्या, आंबट जांभ्याच्या मातीत कुठून निघणार? आणि लागवडीला पाकळ्या लागतात हेक्टरी पाचशे किलोच्या वर, हजार चौरस मीटरला पन्नास किलो तरी. पन्नास ग्रॅमचं पाकीट आणि पन्नास किलोची गोणी यांतला फरक कोणालाही दिसेल, पण त्यासाठी गोणीचा आकडा आधी माहीत असायला हवा. तो आकडा सांगणारं कोणी समोर नव्हतं. म्हणून तो इथे लिहिला आहे.

कार्तिकात आम्ही पेरलं. आठ-दहा दिवसांत वर आलं, केसाच्या पिनेसारखं वाकून. लसणाचा कोंब पाकळीतून सरळ, टोकदार निघतो. वाकून, टोकाला बियाचं काळं टरफल घेऊन वर येणारी रोपं कांद्याच्या जातकुळीतल्या बियांची असतात. ही पहिली खूण, आणि ती पहिल्या पंधरवड्यातच दिसते.

पुढे पानं आली ती चपटी, बारीक, आणि चुरगाळली की लसणाचा वास. याच वासाने आमचा घात केला. कोणी शंका काढली की दुसरी दोन पानं चुरून तिच्या नाकाशी धरायची, आणि शंका मिटायची. आम्हाला दिलं होतं ते पातीसाठी लावतात त्या एका वनस्पतीचं बी, शास्त्रीय नाव अलियम ट्युबरोसम. चिनी जेवणात तिची पात वापरतात. वास लसणाचा, पान लसणासारखं चपटं, आणि गड्डा जन्मात धरत नाही. शेजारच्या काकींच्या पाकिटात मात्र सरळ कांद्याचं बी निघालं. त्यांची पानं गोल आणि पोकळ झाली, पुढे लहान-मोठे कांदेही आले. त्यांनी ते बांगड्याच्या हुमणात घालून संपवले. आमच्या सगळ्यांत नफ्यात त्याच राहिल्या, असं आम्ही अजून हसत म्हणतो.

माघ आला तरी खाली काही फुगेना. विक्रेता तेव्हा फोन उचलत होता, अगदी आपुलकीने. यंदा थंडी कमी पडली म्हणाला. मग पाणी जास्त झालं म्हणाला. मग गड्डा फुगवणारं म्हणून एक द्रावण ६५० रुपये बाटलीने पाठवलं. बाटलीवर घटक लिहिलेले नव्हते. हवामानावर ढकलता येणारं पीक विकण्यात त्याचा दुसरा फायदा हा. गोव्यात लसूण आला नाही तर दोष गोव्याचा. आमच्यातल्या दोघींना तर आजही वाटतं की बी बरोबर होतं, आपलीच हवा आडवी आली.

जुन्या गोव्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात रोपं मुळासकट नेली तेव्हा निकाल लागला. तिथल्या बाईंनी मुळाशी पाहिलं, एक पान आडवं मोडलं आणि याला गड्डा धरणार नाही हे सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. मी एक जुडगा कुंडीत ठेवला होता. तो पावसातही कुजला नाही आणि पुढे त्याला चांदणीसारखी पांढरी फुलं आली. ज्यांना अजून संशय असेल त्यांना मी ती कुंडी दाखवते.

हमीच्या कागदाचं सांगते, कारण तसले कागद हळद, चंदन, कोरफड सगळ्यांत फिरतात. कागद मुद्रांकावर होता, शिक्के दोन. खरेदी कोणाच्या मालाची? ‘४० मिलिमीटरपेक्षा मोठा, एकसारखा, डागविरहित गड्डा’ असेल त्याची, आणि तोही ‘कंपनीच्या प्रतिनिधीने मान्य केल्यास’. एवढ्या अटींत खरा लसूण पिकवणाराही अडकला असता. त्याहून वाईट गोष्ट पावतीत होती. आम्ही बियाण्याचे पैसे दिले आणि पावतीवर लिहिलं होतं ‘प्रशिक्षण व साहित्य शुल्क’. बियाणं हा शब्दच नाही. बियाणं विकायला १९८३च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना लागतो, आणि गिऱ्हाइकाला बिल द्यावंच लागतं. प्रशिक्षण विकायला तसं काही लागत नाही. पाकिटावर लॉट क्रमांक, उगवणशक्तीची टक्केवारी, चाचणीची तारीख, काहीही नव्हतं, लसणाचा रंगीत फोटो तेवढा होता. पाकळ्या जरी विकत घेतल्या तरी १९६६च्या बियाणे कायद्यात लागवडीचे कंद बियाण्यातच धरलेले आहेत, तेव्हा बिल त्यावरही मागायचं, आणि त्यावर जातीचं नाव लिहून घ्यायचं.

गोव्यात लसूण होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पणजीला जानेवारीत रात्रीचं तापमान वीसच्या आसपास असतं, नाशिकला ते कितीतरी खाली जातं, फरक तिथे आहे. पाकळ्या लावण्याआधी सहा-आठ आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कागदी पिशवीत, कोरड्या ठेवून मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायच्या, अशी उष्ण भागांत रीत आहे. तसं केलं तरी आपल्याकडे गड्डा लहानच राहणार, कधी पाकळ्या न पडलेला एकच गोळा निघणार. (असा गोळा ‘हिमालयातला एकपाकळी लसूण’ म्हणून चढ्या भावाने विकणारेही आहेत, सावध.) पातीसाठी लसूण मात्र कुठल्याही परसात होतो. बाजारातल्याच गड्ड्याच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या, टोक वर करून, दीड-दोन इंच खोल, पाणी न साचणाऱ्या वाफ्यात. दीड-दोन महिन्यांत कापायला येते. यात बाराशे रुपये कुठेच लागत नाहीत.

पैशांचं काय झालं? ज्या मुलीने यूपीआयने पैसे दिले त्याच दिवशी मनात पाल चुकचुकून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिचे परत आले. बाकीच्यांनी पीक पाहण्याची वाट पाहिली. १९३० हा क्रमांक पैसे पुढे सरकायच्या आत अडवण्यासाठी आहे, चार महिन्यांनी तिथून पैसे मिळत नाहीत, आणि लसूण तर चार महिन्यांनीच काढायचा असतो. आमची तक्रार आता ग्राहक आयोगात जायची आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. खराब बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. विचारपूस करायची असेल तर ग्राहकांसाठी १९१५ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

तो जुना नंबर बंद आहे. तोच आवाज हल्ली दुसऱ्या नावाच्या व्हिडिओत ऐकू येतो, या खेपेला खोलीत केशर पिकवण्याचं प्रशिक्षण आहे.

पेडणे, डिचोली, सत्तरी, कुठेही कोणाकडे ते लसणाचं पाकीट न फोडलेलं पडून असेल तर फेकू नका आणि पेरूही नका. पाकीट, पावती, पैसे पाठवल्याचा संदेश आणि त्याच्याशी झालेलं लिखित बोलणं एकत्र ठेवा, आणि आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात लेखी अर्जासह दाखवा, पोच घ्या. आमची सगळ्यांची पाकिटं पेरून संपली होती. बंद पाकीट मिळालं तर आतला माल तपासायला पाठवता येईल, आणि ते सगळ्यांच्याच तक्रारीला लागेल.