सेकंडहँड सेमी ट्रक (ट्रेलर ओढणारा ट्रक) घेतला, त्याबद्दल

विक्रेत्याला आदल्या दिवशीच बजावलं होतं, मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. इंजिनावर हात ठेवला तर थंडगार. माणूस शब्दाला पक्का निघाला. सेल्फ मारल्यावर जरासा पांढरा धूर आला आणि विरला. निळा धूर येत राहिला असता, तर ऑइल जळतंय हे ओळखून मी तिथूनच परत फिरलो असतो. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल केलं. धूर भकाभक बाहेर आला नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा बऱ्या आहेत.

फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या मागची ट्रेलर जोडायची प्लेट, तिथे मात्र घाई करू नका. ग्रीस पुसल्याशिवाय ट्रेलरची पिन पकडणाऱ्या जबड्यांची झीज दिसत नाही. ट्रेलर जोडून, ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक पुढे-मागे केला, तेव्हा स्पष्ट खटका बसला, म्हणजे जबडे झिजलेले. ते बदलून द्यायचं विक्रेत्याने लेखी दिलं आणि दिलेही.

चॅसीवर एखाद्याच जागी ताजा रंग दिसला तर तिथे बोट फिरवा, खाली वेल्डिंग असू शकतं. टायरवर 2319 म्हणजे तो 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. आतल्या चाकांचेही आकडे वाचा. सीट फाटकी आहे, चालेल. सर्व्हिसचे कागद सलग मिळाले, याचं मला जास्त समाधान आहे.