छोट्या धंद्याला गूगल शीट्स पुरतं का? आमच्या मसाल्याच्या धंद्यातला अनुभव

सांगलीत आमचा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. कांदा-लसूण मसाला, हळद, मिरची पूड आणि दिवाळीला चिवडा. माल आसपासच्या किराणा दुकानांत जातो, थोडा कुरियरने पुण्या-मुंबईला. हिशोब मी गूगल शीट्सवर, म्हणजे गूगलच्या एक्सेलसारख्या ऑनलाइन तक्त्यावर ठेवते आणि ओळखीतल्या बायका सारख्या विचारतात की सॉफ्टवेअर विकत घ्यायचं का हे फुकटातलं चालेल, म्हणून एकदा नीट लिहिते. कॉस्टिंग (माल आपल्याला कितीला पडतो ते काढणं), उधारी आणि स्टॉकला बिनधास्त वापरा. बिलं मात्र त्यात करू नका, का ते खाली सांगते.

आधी कॉस्टिंग, कारण शीटचा खरा फायदा तिथेच आहे. मसाल्यात कच्च्या मालाचं वजन आणि तयार मालाचं वजन कधीच सारखं नसतं, मिरचीची देठं जातात, कांदा-लसूण परतताना पाणी उडतं, डंकावर कांडून चाळताना थोडं जातंच. समजा सगळं मिळून १० किलो माल घेतला आणि खर्च ३,००० झाला तर बऱ्याच जणी किलोला ३०० धरून मोकळ्या होतात, पण हातात ९ किलोच आला असेल तर किलो ३३३ ला पडला ना, आणि अजून त्यात पाऊच, लेबल, मजुरी, गॅस, कांडपाचे पैसे यायचेत. आमच्या शीटमध्ये ब्याडगी, लवंगी, धने, खोबरं, तीळ, तेल सगळ्याचा भाव एका टॅबवर (फाइलमधल्या एका पानावर) आहे आणि घट वेगळ्या कॉलममध्ये. मार्केट यार्डातून मिरचीचा नवा भाव कळला की एक आकडा बदलायचा, पाव किलोच्या पाकिटाला नेमकं काय पडतंय ते लगेच समोर. बिलिंगची जी ॲप मी पाहिली त्यात ही घट आपल्या पद्धतीने मांडताच येत नाही, शीटमध्ये येते कारण गणित आपलं आपण लिहितो.

उधारीचं पण तसंच. एका व्यवहाराला एक ओळ, तारीख, दुकान, माल, रक्कम, मिळाले किती. दुकानवार पानं करू नका प्लीज, सगळे व्यवहार एकाच टॅबवर खाली खाली लिहीत जा आणि दुकानवार बेरीज सम-इफ्स या फॉर्म्युल्याने काढा. टुडे फॉर्म्युल्यातून बिलाची तारीख वजा केली की किती दिवस झाले ते येतं, आम्ही ३० दिवसांवरची ओळ आपोआप लाल होईल असं केलंय. वसुलीला जाणारा मुलगा सकाळी फोनवर लाल ओळी बघून निघतो, कोणाकडे किती थकलंय हे कोणाच्या डोक्यात ठेवायची गरज उरली नाही आणि माझ्या मते एवढ्यासाठी तरी प्रत्येक छोट्या धंद्याने हे करावं.

दुकानाचं नाव मात्र हाताने टाइप करायचं नाही, ड्रॉपडाउन लावा, म्हणजे ठरलेल्या यादीतूनच नाव निवडता येतं. एकदा लक्ष्मी किराणा आणि एकदा लक्ष्मी किराणा स्टोअर्स असं पडलं की शीटच्या हिशेबी ती दोन दुकानं, मग उधारी कमी दिसते. दुसरं म्हणजे एचएसएन कोड, जीएसटीसाठी प्रत्येक मालाला असलेला ठरावीक नंबर. मिरचीचा ०९०४, हळदीचा ०९१०, नुसते टाइप केले की पुढचा शून्य उडतो आणि ९०४ राहतं, त्यासाठी तो कॉलम आधीच फॉरमॅटमधून प्लेन टेक्स्ट (आकडा नाही, साधी अक्षरं) करून घ्यायचा. आणि सेटिंगमध्ये लोकेल (देश) भारत ठेवा नाहीतर ५/४ लिहिलं की महिना आधी धरला जातो आणि ५ एप्रिलचा ४ मे होतो.

आता बिलांचं. एक आकडा बदलला की सगळं बदलतं हा शीटचा गुण कॉस्टिंगला वरदान आहे, बिलांना मात्र धोका. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हाचंच बघा, पॅकिंगचा चिवडा १२ टक्क्यांवरून ५ वर आला, मसाले आधीपासून ५ लाच होते. दराच्या टॅबवर १२ चे ५ केले की नवी बिलं बरोबर येतात, पण जुन्या ओळी पण तिथूनच दर उचलत असतील तर ऑगस्टमध्ये १२ ने दिलेल्या बिलाचा कर सुद्धा बदलून बसतो! दर लागू झाल्याच्या तारखेप्रमाणे उचलेल असा फॉर्म्युला करता येतो किंवा जुन्या ओळी व्हॅल्यू म्हणून (फॉर्म्युला काढून नुसता आकडा) पेस्ट करता येतात, पण ते दरवेळी कोण लक्षात ठेवणार. दिलेलं बिल हलता कामा नये. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलांचे नंबर सुद्धा ओळीने लागतात, त्या आर्थिक वर्षात एक नंबर दोनदा येऊन चालत नाही, आणि शीटमध्ये दोघींनी एकाच वेळी बिल केलं तर तोच नंबर दोनदा पडू शकतो, थांबवणारं कोणी नाही. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर विषयच संपला, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर लागतं. शीट्समध्ये व्हर्जन हिस्ट्री आहे, कोणी काय बदललं ते दिसतं, चुकून उडालेलं परत आणता येतं आणि ती खूप कामाची आहे, पण सीए तिला हिशोबाची वही म्हणणार नाहीत.

फोनवर नोंदी करायच्या तर शीट उघडून बोटाने बारीक चौकोन शोधत बसू नका. गूगल फॉर्म बनवा, डिलिव्हरीवाला दुकान आणि पाकिटं निवडून पाठवतो आणि ओळ आपोआप शीटमध्ये पडते, त्याला बाकीचा हिशोब दिसतही नाही. लिंक असलेला कोणीही बदल करू शकेल असं शेअरिंग तर अजिबात ठेवू नका, भाव आणि फॉर्म्युले असलेले टॅब प्रोटेक्ट करा, म्हणजे दुसऱ्या कोणाला ते बदलता येणार नाहीत.

फुकट आहे पण जागा १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळ्यांत मिळून. घरातल्या लग्नाचे फोटो-व्हिडिओ त्याच अकाउंटवर चढवून जागा संपून वर गेली की शीटमध्ये बदलच करता येत नाही, ऐन दिवाळीच्या ऑर्डरमध्ये असं झालं तर काय करणार. म्हणून धंद्याचं गूगल अकाउंट वेगळंच काढा आणि महिनाअखेरीला फाइलची एक कॉपी एक्सेलमध्ये डाउनलोड करून कॉम्प्युटरवर ठेवत जा.