बसच्या लेखी परीक्षेचं सराव अ‍ॅप: सात महिन्यांच्या वापरानंतर

बसच्या परवान्याच्या लेखी परीक्षेसाठी मोबाइलवरचं प्रश्नसंचाचं अ‍ॅप, परवाना देणाऱ्या खात्याची अधिकृत पुस्तिका आणि एक साधी चौकटींची वही, एवढं सामान सात महिने रोजच्या वापरात आहे. पहिल्या आठवड्यात अ‍ॅपच सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण गुण लगेच दिसतात. आता क्रम उलटा झाला आहे. बस समजते ती वहीत, नियम पुस्तिकेत मिळतो, आणि समजलेलं पक्कं झालं का हे अ‍ॅप तपासतं. तपासनीसालाच मास्तर केलं की अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण अशी की तेच प्रश्न फिरून येतात. दोन महिन्यांनी प्रश्न पुरता वाचायच्या आधीच बोट बरोबर पर्यायावर जातं. गुण चढतात, पण शब्द थोडे बदलले की तोच प्रश्न अडतो. यावर उपाय साधा आहे. पर्याय हाताने झाकायचे, उत्तर मोठ्याने म्हणायचं आणि मगच पर्याय बघायचे. त्यानंतर उरलेले पर्याय का चुकीचे, हे एकेका ओळीत वहीत लिहायचं. यात वेळ जातो. रोज वीस प्रश्न झाले तरी पुष्कळ.

आता एअर ब्रेक, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारे ब्रेक. अ‍ॅप सगळ्यात कमी पडतं ते इथे, आणि नीट समजून घ्यायची गरजही सगळ्यात जास्त इथेच आहे. अ‍ॅपमध्ये आकडे सुटेसुटे येतात, म्हणून ते लक्षात राहत नाहीत. वहीत एक चित्र काढा: कॉम्प्रेसर (हवा दाबून भरणारा पंप), गव्हर्नर (ते भरणं सुरू-बंद करणारा), ड्रायर (हवेतली ओल काढणारा), टाक्या, पायाचा व्हॉल्व्ह, चाकाजवळचे चेंबर (हवेच्या जोराने ब्रेक लावणारे डबे). मग हे समजून घ्या की पायाचा ब्रेक हवेने लागतो आणि पार्किंग ब्रेक हवेने सुटतो. पार्किंग ब्रेकमध्ये जाड स्प्रिंग असते, ती हवेच्या दाबाने मागे ढकलून धरलेली असते. हवा गेली की स्प्रिंग मोकळी होते आणि ब्रेक आवळते. एवढं कळलं की 'दाब कमी झाल्याची सूचना आली तर काय कराल?' या प्रश्नाचं उत्तर पाठ करावं लागत नाही. हवा शिल्लक आहे तोवर सुरक्षित जागी बस थांबवायची, कारण त्यानंतर स्प्रिंग तिच्या वेळेला ब्रेक लावेल आणि तो किती लागावा हे चालकाच्या हातात राहणार नाही.

आकडे या चित्रावरच लिहावेत. अमेरिकेच्या व्यावसायिक परवान्याच्या पुस्तिकेतले नमुन्यादाखल घेतले, तर गव्हर्नर साधारण १२५ पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं एकक, १२५ म्हणजे सुमारे ८.६ बार) हवा भरणं थांबवतो आणि १०० च्या आसपास पुन्हा सुरू करतो. दाब ६० च्या खाली जाण्याआधी दिवा किंवा बझर आलाच पाहिजे. स्प्रिंग ब्रेक २० ते ४५ च्या दरम्यान पूर्ण लागतात. मागे ट्रेलर नसलेल्या एकट्या गाडीत, इंजिन बंद आणि ब्रेक मोकळे असताना, मिनिटाला २ पीएसआयपेक्षा जास्त गळती चालत नाही. पायाचा ब्रेक दाबून धरला असेल तर ही मर्यादा ३ आहे. आपल्या देशाच्या पुस्तिकेतले आणि आपल्या बसचे आकडे वेगळे असू शकतात, परीक्षेला तेच लागतील. उतरता क्रम मात्र हाच: आधी भरणं बंद, मग पुन्हा सुरू, मग सूचना, शेवटी स्प्रिंग.

तपासणीच्या क्रमावरही प्रश्न येतात आणि तिथे हमखास चूक होते. सपाट जागा, चाकांना ठोकळे, पार्किंग ब्रेक सोडलेला, इंजिन बंद, पण चावी चालू. मग पायाचा ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून दाब उतरवायचा आणि आधी सूचना, नंतर पार्किंग ब्रेकची खुंटी आपोआप बाहेर येणं, हे बघायचं. चावीही बंद केली तर बझर वाजतच नाही आणि चांगला बझर बिघडलेला ठरतो. 'चावी चालू' हे दोन शब्द अ‍ॅपच्या स्पष्टीकरणात नाहीत, ते पुस्तिकेत मिळतात.

टाकीतलं पाणी का काढायचं, यावर अ‍ॅप 'देखभाल म्हणून' एवढंच सांगतं. दाबलेली गरम हवा थंड होते तेव्हा तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचतं, त्यात कॉम्प्रेसरचं थोडं तेल मिसळतं. कडक थंडीत ते पाणी नळीत आणि व्हॉल्व्हमध्ये गोठून ब्रेक निकामी होऊ शकतात. ड्रायर असलेल्या बसमधून फार पाणी निघू नये. निघत असेल तर ड्रायरकडे बघायची वेळ झाली.

उताराचे प्रश्न. ब्रेक सतत दाबून ठेवला की ड्रम तापतो, प्रसरण पावतो, लायनिंगपासून (त्याला आतून घासणाऱ्या पट्टीपासून) दूर सरकतो, आणि तेवढाच जोर मिळवायला पाय जास्त दाबावा लागतो. म्हणून उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर. त्या गिअरमध्ये जो सुरक्षित वेग ठरवला असेल तो गाठला की ब्रेक ठामपणे दाबून वेग सुमारे ८ किमीने उतरवायचा, सोडायचा, पुन्हा वेग चढला की पुन्हा तेच. म्हणजे ठरवलेला वेग ४० असेल तर ३२ वर आणून सोडायचं. पटापट पाय मारत राहणं हा पर्याय फसवा आहे. प्रत्येक वेळी पाय उचलला की वापरलेली हवा बाहेर जाते आणि कॉम्प्रेसर तितक्या वेगाने भरू शकत नाही. रिटार्डर किंवा एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे चाकांच्या ब्रेकशिवाय वेग रोखणारी साधनं, उतारावर वापरायची, पण प्रश्न निसरड्या रस्त्याचा असेल तर उत्तर उलटं होतं, ती बंद ठेवायची. त्यांचा जोर फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर येतो, त्यामुळे ती चाकं घसरू शकतात.

थांबायच्या अंतरासाठी अ‍ॅपमध्ये एक तक्ता आहे. तो पाठ करण्याआधी एकदा स्वतः मांडून बघा. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. चालकाला कळून पाय हलेपर्यंत १ सेकंद धरला तर १६.७ मीटर गेले. हवा चाकापर्यंत पोचायला अर्धा सेकंद, म्हणजे आणखी ८.३. मग कोरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक, वेग सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंदाने कमी होतोय असं धरलं, तर २७.८ मीटर. एकूण सुमारे ५३. आता बसमध्ये उभे प्रवासी आहेत असं समजा. त्यांना न पाडता थांबायचं तर ब्रेक खूपच हलका हवा. १.५ चा दर घेतला की नुसतं ब्रेकचं अंतर ९३ मीटरच्या आसपास जातं आणि एकूण ११८ च्या. बसचालकाने पुढच्या गाडीपासून एवढं अंतर का ठेवायचं, याचं उत्तर या ६५ मीटरच्या फरकात आहे. आणि वेग ३० केला की ब्रेकचं अंतर निम्मं न होता एक चतुर्थांश होतं, हेही याच गणितात दिसतं.

वळणाची आकृती वहीतच काढावी लागते, फोनच्या पडद्यावर ती समजत नाही. चौकटींच्या कागदावर १२ मीटरची बस घ्या: दोन आसांमध्ये ६ मीटर, मागच्या आसापासून शेपूट ३.३ मीटर, रुंदी २.५. पुढच्या आसाचा मध्य १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल तर मागच्या आसाचा मध्य ८ मीटरच्या वर्तुळावर फिरतो. म्हणजे मागची चाकं २ मीटर आत कापतात. कोपऱ्यावरचा पादचारी किंवा सायकलस्वार सापडतो तो इथेच. त्याच वेळी शेपटाचा बाहेरचा कोपरा उलट्या बाजूला अर्ध्या मीटरहून थोडा जास्त झुकतो. थांब्यावरून निघताना पूर्ण स्टिअरिंग कापलं तर तो कोपरा फुटपाथवर उभ्या माणसांवरून फिरतो. अ‍ॅपमध्ये या दोन्हींचे प्रश्न वेगवेगळ्या प्रकरणांत टाकले आहेत. आकृती एकच आहे, म्हणून ते एकत्रच करावेत. आरशांचा भागही इथेच जोडून घ्या: बहिर्गोल आरशात जास्त जागा दिसते, पण गाडी लहान आणि आहे त्यापेक्षा लांब दिसते.

प्रवाशांचं प्रकरण अ‍ॅपमध्ये चांगलं आहे. दार पूर्ण लागल्याशिवाय न निघणं, संकटकाळच्या दारासमोर सामान न ठेवू देणं, वृद्ध प्रवासी बसेपर्यंत थांबणं, चाकाची खुर्ची ठरलेल्या जागीच आणि ठरलेल्या दिशेला. चिन्हांचं प्रकरणही ठीक, दोन आठवड्यांत होतं.

कामाचे तास मात्र अ‍ॅपवरून अजिबात शिकू नयेत. प्रश्नसंचात निरनिराळ्या देशांचे नियम एकत्र झाले आहेत आणि कोणता कुठला हे लिहिलेलं नाही. युरोपीय संघाच्या ५६१/२००६ नियमात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती आहे, दिवसाला ९ तास आणि आठवड्यातून दोनदा १०. अमेरिकेत प्रवासी वाहनासाठी सलग ८ तास सुटीनंतर १० तास चालवता येतं आणि कामावर १५ तास झाल्यावर चालवता येत नाही. भारतात १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास होते, तो कायदा २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन झाला. तिन्ही आपापल्या जागी आणि काळात बरोबर, पण परीक्षेला एकच लागतो. शिवाय जुनं राहून गेलेलंही सापडतं. युरोपात ४५ मिनिटांची फोड आधी १५ मग ३० अशीच करायची होती. २०२४ च्या सुधारणेनंतर ठरावीक मार्गाबाहेरच्या प्रासंगिक प्रवासी फेऱ्यांना ती वेगळी करता येते, फक्त प्रत्येक भाग निदान १५ मिनिटांचा हवा. अ‍ॅपमध्ये अजून जुनंच उत्तर बरोबर धरलं जातं.

मराठी भाषांतरातही एक दोष आहे. क्षणभर थांबणं, प्रवासी घ्यायला थांबणं आणि गाडी उभी करून ठेवणं या तिन्हींना 'थांबणे' हा एकच शब्द वापरला आहे. चिन्हांच्या प्रश्नात यामुळे बरोबर उत्तरही चूक ठरतं. अशा प्रश्नावर खूण करून मूळ नियम पुस्तिकेत बघणं, एवढाच मार्ग आहे.

जिथे धोका ओळखायच्या चित्रफिती परीक्षेत असतात, तिथे त्यांचा सराव वेगळा धरावा. ब्रिटनमध्ये बससाठी १०० प्रश्नांना १ तास ५५ मिनिटं आणि पास व्हायला ८५ गुण, शिवाय १९ चित्रफितींत २० धोके आणि १०० पैकी ६७. धोका उमलायला लागताच टिचकी मारली तर ५ गुण, उशीर होईल तसे कमी. ठोक्यावर टिचक्या मारत गेलं तर त्या फितीचा शून्य. अ‍ॅपमधल्या फिती मोटारीच्या उंचीवरून घेतल्या आहेत, ही त्यांची उणीव. बसच्या आसनावरून दूरचं आधी दिसतं, पण दाराखालचं आणि समोरच्या काचेच्या अगदी खालचं दिसत नाही. म्हणून प्रत्येक फीत दुसऱ्यांदा बघताना थांबवायची आणि या क्षणी बसच्या कोणत्या बाजूला आंधळी जागा आहे, ते वहीतल्या आकृतीवर बोट ठेवून सांगायचं.

अ‍ॅपची पैसे भरून मिळणारी आवृत्ती घ्यायची तर परीक्षेआधीच्या शेवटच्या महिन्यापुरतीच घ्यावी. आणि घेण्याआधी मोफत भागातला कामाच्या तासांचा एक प्रश्न आपल्या पुस्तिकेशी पडताळून बघावा. तो जुळला नाही तर बाकीचे पैसे वाचले.