काटो युनिट्रॅक: मांडा, दाखवा, परत खोक्यात भरा

आधीच सांगून टाकतो, काटो युनिट्रॅक म्हणजे मॉडेल रेल्वेचे जोडून-सोडवून ठेवता येणारे रूळ, आणि घरात एका खोलीत कायमचा लेआउट (म्हणजे रूळ-स्टेशनांसकट मांडलेली छोटी रेल्वे) बांधणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू नाहीये. गच्चीवर रिकामी खोली असेल आणि घरच्यांची परवानगी असेल तर सरळ पेको कंपनीचा फ्लेक्सिबल ट्रॅक घ्या, ९१४ मिलिमीटरची लांब पट्टी येते, हवी तशी वाकवा, बारीक खिळे मारा, विषय संपला. युनिट्रॅक आमच्यासारख्यांच्या कामाचा, म्हणजे टू बीएचकेमधे राहणारे, लेआउट वर्षभर माळ्यावर ठेवणारे आणि गणपतीत किंवा शाळेच्या प्रदर्शनात दोन टेबलं मिळाली की तेवढ्यापुरती रेल्वे चालवणारे.

पुण्यात आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे. रजिस्टर्ड क्लब वगैरे काही नाही, व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि एकाच्या पार्किंगमधे करवत चालवायची मुभा आहे, बस. बहुतेकांना हा किडा कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममधे चावलेला. भाऊ जोशींनी उभं केलेलं ते अख्खं शहर १९९८ पासून लोक बघतायत, एचओ म्हणजे १:८७ स्केल (खऱ्यापेक्षा ८७ पट लहान), कोणी बघितलं नसेल तर पोरांना घेऊन जाच. पण ते बघून आपण घरी तसं करू म्हणालं की पहिला प्रश्न जागेचा, आणि दुसरा प्रश्न त्याहून वाईट, तो म्हणजे हे उचलून दुसरीकडे न्यायचं कसं.

आता मूळ वस्तूकडे येतो. युनिट्रॅक जपानच्या काटो कंपनीचा, एन गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. रूळ, स्लीपर आणि खालची खडी हे सगळं एकाच कडक प्लॅस्टिकच्या पट्टीत येतं आणि दोन पट्ट्या युनिजॉइनर नावाच्या क्लिपने कट्ट करून जोडल्या जातात. ती क्लिप पट्टी धरूनही ठेवते आणि करंटही पुढे नेते. ऐकायला काही विशेष वाटत नाही, पण ज्याने साध्या ट्रॅकचे टोकदार जॉइनर बोटात घुसवून घेत हॉलमधे सतरंजीवर बसून रूळ जोडलेत त्याला विचारा. आमचा लेआउट आता दोन जण अर्ध्या तासाच्या आत मांडतात, आणि त्यातला निम्मा वेळ एक्स्टेंशन बोर्ड कुठे मिळेल हे वॉचमनला विचारण्यात जातो.

रूळ निकेल सिल्व्हरचे आहेत (नावातच सिल्व्हर, चांदी नाही). भाद्रपदातल्या दमट हवेत पितळेच्या जुन्या रुळांवर जो थर चढतो आणि इंजिन जिथल्या तिथे गचके खातं तो त्रास इथे खूप कमी. तरी सकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या बनियनचा तुकडा घेऊन एकदा फिरवावंच लागतं, कारण मंडपात उदबत्ती आणि धुपाचा चिकट धूर असतो. आणि गुलाल! मिरवणुकीच्या दिवशी लेआउट आधीच खोक्यात गेला पाहिजे, गुलाल इंजिनाच्या गिअरमधे गेला की टूथब्रश घेऊन बसा, वर्षभर गुलाबी निघत राहतं.

मापं हा या ट्रॅकचा सगळ्यात भारी भाग. सरळ पट्ट्या २४८, १८६, १२४, ६४, ६२ मिलिमीटर अशा येतात आणि सगळं एकमेकांत बसतं. २४८ अधिक ६२ म्हणजे ३१०. १८६ अधिक १२४ म्हणजे पण ३१०. याच ३१० वर टी-ट्रॅक नावाची मॉड्यूलची, म्हणजे सुटी खोकी जोडून लेआउट करायची, पद्धत उभी आहे. जपानमधल्या क्लबवाल्यांचं बघून २००० च्या सुमारास ली मोनॅको-फिट्झजेराल्ड या अमेरिकन बाईंनी ती बेतली. ३०८ मिलिमीटर रुंद लाकडी खोकं करायचं, त्यावर ३१० चा ट्रॅक, म्हणजे दोन्ही बाजूंना एक-एक मिलिमीटर बाहेर, खोकी शेजारी शेजारी ठेवून ढकलली की ट्रॅकच खोक्यांना धरून ठेवतो. क्लॅम्प नको, स्क्रू नको. कोपऱ्याचं खोकं ३६५ बाय ३६५. खाली पाव इंची बोल्ट आणि टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) लावायचे, म्हणजे हॉलचं टेबल कितीही डुगडुगतं असलं तरी लेव्हल करता येते, आणि आपल्याकडच्या डेकोरेटरची टेबलं कशी असतात हे काय सांगायला नको.

चार कोपरे आणि सहा सरळ खोकी, एवढ्यात साधारण १६६० बाय ७३० चं गोल पूर्ण होतं, सहा फुटी दोन टेबलं चिकटवली की आरामात बसतं. एक सरळ खोकं अॅक्टिव्हाच्या पायापाशी मावतं. मॉड्यूलचा खरा फायदा मला हाच वाटतो, प्रत्येकाने आपापल्या घरी आपापलं खोकं रंगवायचं, कोणी कुणाच्या डोक्यावर उभं नाही, आणि कोणी आला नाही तर त्याच्या जागी रिकामी पट्टी टाकून गाडी चालू.

आता आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न, यावर भारतीय रेल्वे कशी दाखवायची? एन स्केल म्हणजे १:१६० (जपानी लोक १:१५० करतात). ९ ला १६० ने गुणलं की १४४०, म्हणजे युरोप-अमेरिकेचा १४३५ चा स्टँडर्ड गेज झाला. आपला ब्रॉडगेज १६७६. म्हणजे डेक्कन क्वीन करायची तर रूळ साडेदहा मिलिमीटरचे हवेत, ते एन गेजमधे मिळत नाहीत. बरेच जण म्हणतात चालतंय, लांबून कोणाला कळतंय. मला कळतं आणि मग माझी झोप उडते.

पण हाच ९ मिलिमीटर १:८७ ने धरा. ९ गुणिले ८७ म्हणजे ७८३. आणि आपल्या महाराष्ट्रातल्या नॅरोगेज कितीच्या होत्या? अडीच फूट, ७६२! जवळजवळ तंतोतंत. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची १८९७ ला सुरू झालेली बार्शी लाइट, मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला, पाचोरा-जामनेर, सगळ्या याच गेजच्या. (माथेरान यात बसत नाही, ती दोन फुटी, त्यामुळे ग्रुपमधला एक जण अजून रुसलेला आहे.) परदेशात एचओ स्केलची नॅरोगेज करणारे लोक कित्येक वर्षांपासून एन गेजचा ट्रॅक असाच वापरतात, आपल्याकडे मात्र हे कोणाला सांगितलं की आधी विश्वास बसत नाही. म्हणजे डबे, माणसं, बैलगाडी, स्टेशन सगळं १:८७ च्या मोठ्या साइजचं, आणि जागा लागते एनची. प्रदर्शनाला हे फार उपयोगी, कारण १:१६० चा माणूस दहा-अकरा मिलिमीटरचा, गर्दीत दोन फुटांवरून आजोबांना तो दिसतच नाही.

आम्ही पाचोरा-जामनेर घेतली. ग्रुपमधले दोघं जळगाव जिल्ह्यातले त्यामुळे मतदान आधीच फिक्स होतं. ५६ किलोमीटरची लाइन, २०२० च्या लॉकडाउनमधे गाडी थांबली ती थांबलीच, आणि आता ती ब्रॉडगेज करायचं प्रकरण. शेंदुर्णी आणि पहूर असे दोन स्टेशनांचे तुकडे, मधे कपाशी आणि केळी. झेडडीएम, म्हणजे नॅरोगेजच्या डिझेल, इंजिनाची बॉडी सनबोर्ड आणि थ्रीडी प्रिंट मिळून केली आणि खाली एन स्केलच्या डिझेल इंजिनाचं चॅसिस. चाकांमधलं अंतर मॅच होत नाही, जाणकार ओळखतात, पण चालतं एकदम लोण्यासारखं, आणि नॅरोगेजला हळू चालता येणं हेच तर सगळं आहे.

आता जे खटकतं ते. खोक्यावर छान करड्या खडीचा उंच बांध आणि त्यावर बारीक बारीक जवळजवळ स्लीपर, हे जपानच्या मेनलाइनला शोभतं, खानदेशातल्या नॅरोगेजला अजिबात नाही. १:८७ ने बघितलं तर स्लीपर फार आखूड आणि फार दाटीने आलेले. यावर उपाय एकच, झाका! सुदैवाने आपल्या नॅरोगेज लाइनी तशाही मातीत आणि गवतात बुडालेल्याच असायच्या. वापरलेली चहापूड वाळवून चाळून, त्यात काळा पावडर रंग, मग पाणी घातलेला फेविकॉल आणि भांड्यांच्या लिक्विड सोपचे दोन थेंब, ड्रॉपरने सोडायचं. काळी कसदार जमीन तयार. फक्त दोन्ही टोकांचे दोन-तीन सेंटिमीटर मोकळे ठेवा नाहीतर क्लिप चिकटून बसेल आणि एवढे पैसे देऊन घेतलेली सोय तिथेच संपेल. आणि चिकटवलेली पट्टी परत सुटी करून विकता येत नाही हे आधीच मनाला सांगून ठेवा.

दुसरं, टी-ट्रॅकमधे खरं तर दोन समांतर ट्रॅक असतात, ३३ मिलिमीटरच्या अंतरावर. आमची लाइन सिंगल, म्हणून आम्ही मागचा ट्रॅक टाकलाच नाही. यावरून ग्रुपमधे जे भांडण झालं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही, कारण आता आमची खोकी बाहेरच्या कुठल्याच टी-ट्रॅकवाल्यांना जोडता येत नाहीत. माझं मत, इथे पुण्यात कोण अमेरिकेहून खोकं घेऊन येणारे जोडायला? पण तुम्ही नव्याने करत असाल तर दोन ट्रॅकचाच विचार करा, प्रदर्शनात एक गाडी अडकली तरी दुसरी फिरत राहते आणि पोरं ओरडत नाहीत.

वळणांना २८२ आणि ३१५ रेडिअस कोपऱ्यांसाठी ठीक. पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे, दोन प्रकारचे, ४ नंबर आणि ६ नंबर. ४ नंबर १२६ मिलिमीटरचा छोटा आहे म्हणून मोह होतो, पण त्याच्या जिभेवर (सरकणाऱ्या टोकदार रुळावर) काही गाड्या उड्या मारतात ही हॉबीतल्या लोकांची जुनी तक्रार, बरेच जण बारीक फाइलने घासून घेतात. आम्ही ६ नंबरच घेतला, तो १८६ चा, मघाशी सांगितलं तसा १२४ जोडला की एका खोक्यात बरोबर बसतो. मोटर आतच असते, दोनच वायरी बाहेर, पोलॅरिटी उलटी करून क्षणभर करंट दिला की पॉइंट पलटतो. त्याचं स्विच काटोचंच घ्यायची गरज नाही, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सेंटर-ऑफ वाला स्प्रिंगचा डीपीडीटी (दोन वायरींची पोलॅरिटी उलटवणारं, सोडलं की मधे येऊन बंद होणारं स्विच) मागा.

कंट्रोलर पण जपानहून मागवू नका, त्यांचा अॅडाप्टर १०० व्होल्टचा, आपल्याकडे भिंतीत २३०. १२ व्होल्ट डीसीचा चांगला सप्लाय, एक छोटं पीडब्ल्यूएम (करंट भरभर चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणारं) स्पीड कंट्रोलचं बोर्ड आणि दिशा बदलायला एक डीपीडीटी, झालं काम. त्यात एक गोष्ट नक्की करा, बाइकच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब सीरिजमधे लावा. डबा घसरून रूळ शॉर्ट झाले की बोर्ड जळण्याऐवजी बल्ब पेटतो, आणि गर्दीत तुम्ही कुणाशी बोलत असलात तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून लगेच कळतं. आमच्याकडे तो बल्ब स्टेशनमास्तरच्या खोलीत लपवलाय. वायरिंग करताना काटोच्या निळ्या-पांढऱ्या वायरींचा क्रम सगळ्या खोक्यांना एकच ठेवा. प्रत्येक खोक्याला वेगळी फीड (करंटची वायर) द्यायची गरज नाही, पण गोलात दोन विरुद्ध ठिकाणी तरी द्या, नाहीतर लांबच्या कोपऱ्यात गाडी मंदावते.

पैशाचं बोलायचं तर इथे जीव जातो. २४८ च्या चार पट्ट्यांचं पाकीट जपानमधे हजार येनच्या आसपास मिळतं, पण खेळण्यांवरची ड्यूटी २०२० मधे २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मधे ७०, वर जीएसटी, वर शिपिंग. कस्टमवाल्याला हे स्केल मॉडेल आहे, खेळणं नाही, असं समजावत बसू नका, दोन्ही एकाच हेडिंगखाली येतं. सगळ्यांनी मिळून एकच मोठी ऑर्डर करा म्हणजे निदान शिपिंग वाटून जातं, किंवा कोणाचा मुलगा-जावई तोक्योत असेल तर त्याच्याशी गोड बोला. पहिली खरेदी म्हणून गोल पूर्ण होईल एवढा ट्रॅक आणि एकच पॉइंट घ्या, सायडिंग (बाजूची लाइन) नंतर.

टिकाऊपणाला पूर्ण मार्क. सगळ्यात जुन्या पट्ट्या इतक्या वेळा जोडल्या-सोडवल्यात की क्लिपा थोड्या ढिल्या झाल्यात, पण क्लिपा सुट्या मिळतात आणि नखाने निघतात, ट्रॅक तोच. लहान मुलांनी कोपर टेकवून वजन टाकलंय, एकाने मोदक ठेवलाय, वाकला नाही.

मागच्या गणपतीत शेंदुर्णीकडचे एक काका बराच वेळ वाकून बघत उभे होते, याच गाडीने कॉलेजला जायचे म्हणे. मग सरळ होऊन म्हणाले, "सगळं बरोबर आहे हो, पण गाडी फारच वेळेवर येतेय तुमची." तर आता आम्ही पहूरला तिला दर फेरीला उगाच थोडी थांबवतो, त्यासाठी एक टायमर आणि ट्रॅकच्या एका तुकड्याला इन्सुलेटेड जॉइनर लावलाय, तो काटोचाच मिळतो, पाकिटात बरेच येतात आणि लागतात दोन.